तंबाखू किती, काळीज किती

निपाणी
२ मार्च २०२५

शाल्मली,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. गाळलं तरी तुला ते दिसणारच, मग शाई कशाला घालवू?

तुझी अट पाळतोय. “फोनवर तू भांडतोस परशा. लिहिताना जरा माणसात असतोस. सांगायचंच असेल तर कागदावर सांग,” असं म्हणून तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला वर्ष होत आलं. वर्षभर मी हट्टानं लिहिलं नाही. आज लिहितोय ते राग शांत झाला म्हणून नव्हे. ऋग्वेद इथं येऊन गेला म्हणून.

होय, तोच. तुझ्या लॅबमधला, दर वाक्याला ‘ॲक्च्युअली’ म्हणणारा. मी वखारीत काट्यावर बोद, म्हणजे तंबाखूची पोती, मोजत होतो. मला बघून म्हणाला, “अरे परशराम, तू इथं?” मी म्हटलं, “तंबाखूच्या वखारीत तंबाखू मोजतोय. तू इथं का?” तर म्हणे, हार्ट अटॅक ओळखणारी तुमची पट्टी आता लॅबबाहेर तपासायची आहे. आजारी माणसाचं रक्त ती ओळखते हे दवाखान्यात बघून झालं. आता धडधाकट माणसाच्या रक्तावर ती गप्प राहते का, ते बघायचं. त्यासाठी वखारीतल्या बायकांचा एकेक थेंब हवा. मालक हो म्हणाले. बायका नाही म्हणाल्या.

ऋग्वेद त्यांना समजावत होता. बायोमार्कर, इलेक्ट्रोड, नॅनोपार्टिकल. बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या, परदेशी पाहुणा आल्यासारखं. शेवटी मीच मध्ये पडलो. म्हटलं, “काळजाला मार बसला की त्यातनं एक प्रथिन रक्तात गळतं. ट्रोपोनिन म्हणतात त्याला. ही पट्टी ते धरती. धरलं की वीज वाढती, आणि मशीन आकडा दाखवतंय. साखर बघायचं मशीन न्हवं काय, तसंच.”

अंबुबाई, आमच्या वखारीतली सगळ्यांत जुनी, म्हणाली, “धरती म्हणजे? हातानं व्हय?”

“हातानंच समज. सोन्याच्या कणांवर बसवलेलं हात.”

“सोनं हाय त्यात? मग पट्टी माघारी देऊ नगासा गं कुणी!”

सगळी वखार हसली आणि काम झालं. ऋग्वेदनं माझे आभार मानले. मला ते आवडलं नाही.

कॉलेज अर्धवट सोडलं तरी तुझी पट्टी मला तोंडपाठ आहे बघ. ती पहिली दुपार आठवते? तू सोन्याचा क्षार उकळत होतीस. फिकट पिवळं पाणी. त्यात सायट्रेट घातलंस, तर आधी रंग गेला, मग काळसर झालं, आणि बघता बघता आमसुलाच्या सारासारखं लाल. मी विचारलं, “सोनं लाल कसं?” तू मान वर न करता म्हणालीस, “इतकं बारीक झालं की सोन्याचा आपला रंग राहत नाही.” त्या दुपारी माझं काय झालं ते तुला माहीत आहे. पुन्हा लिहून तुझा मूड घालवत नाही. गाइडांशी वाजलं आणि मी खुर्ची आपटून निघालो, तेव्हाही तू दारात होतीस. तेही लिहीत नाही.

मंगल आक्कानं सगळ्यांत आधी नाव दिलं. “शालूची पट्टी न्हवं ती? मग पहिलं बोट माझं.” आमची कंग्राळीची शेतं सोडून ती लग्नानंतर इथं आली आणि वखारीत रुळली. आणि मी कॉलेज सोडल्यावर तिच्याच दारात येऊन पडलो, हे तुला ठाऊक आहे. तू एकदाच जेवायला आली होतीस, तर अजून विचारते, “ती पोरगी तिकडं बेंगळुरात काय खात आसंल रं?” मी सांगतो, “मला काय म्हाईत!” मग ती माझ्याकडं असं बघते की मला उठून बाहेर जावं लागतं.

गुरुवारी कॅम्प आहे. तुझ्या पट्टीचं भलं होवो. ऋग्वेदचं होवो असं म्हणत नाही.

परशराम


वखार, काट्याची खोली
६ मार्च, जेवणाची सुट्टी

शाल्मली,

तुझी पट्टी खोटं बोलते.

सकाळपासून निम्म्या वखारीला हार्ट अटॅक आलाय! एकेक बाई येते, नर्सबाई बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवतात, टोचतात, थेंब पट्टीवर, पट्टी मशीनमध्ये, आणि आकडा नुसता वर. ऋग्वेदचा चेहरा तंबाखूच्या पानासारखा पिवळा. अंबुबाई म्हणते, “समद्यास्नी एकदमच अटॅक? मग तंबाखू चाळायची कुणी?” तिनं हसून घेतलं. पण दिपालीचं लग्न ठरलंय गं. तिनं आकडा बघितला आणि ती रडायलाच लागली. “सासरचं काय म्हणतील, काळजाची रोगी!” तिला रडताना बघून माझं टाळकं सरकलं. मी ऋग्वेदला काय काय बोललो ते तो तुला सांगेलच. तो सांगेल त्यापेक्षा जास्त बोललो.

मग त्याच्याच ध्यानात आलं. बोळे बघितले तर सगळे तपकिरी. स्पिरिटनं बोट पुसलं तरी त्यात मुरलेली तंबाखू जात नाही. ती थेंबात उतरते, आणि त्यातली द्रव्यं पट्टीवर स्वतःची वीज देतात. ट्रोपोनिनची वीज आणि तंबाखूची वीज, तुझ्या पट्टीला दोन्ही सारखीच. सोन्याचे कण मोजत बसलीस, थेंब कुणाच्या बोटातनं येणार ते कुणी बघितलं? निपाणीत येताना निपाणीचा विचार करायला नको?

आता दंडातनं रक्त घेऊन सगळ्यांचं पुन्हा बघतायत. दिपालीचं झालं, पट्टी गप्प. ती नाक पुसत हसतेय. आक्काचा आकडाही सकाळी इतरांसारखाच वर गेला होता, पण ती दुसऱ्यांदा द्यायला थांबली नाही. “गरगरायलंय रं मला. तंबाखू लागली जणू,” म्हणाली आणि घरी गेली. भाऊजी आहेत घरी. गूळपाणी पिऊन पडली असेल. इथं ते नेहमीचंच, कुणाला ना कुणाला तंबाखू लागतेच. चक्कर, घाम, मळमळ. संध्याकाळपर्यंत माणूस उठतो.

सांगायचं एवढंच, की माझ्या बायकांना, म्हणजे वखारीतल्या बायकांना, असं घाबरवायचा तुम्हा लोकांना कुणी

ऋग्वेद फोन कानाला लावून इकडंच येतोय. आता आला तर


कोल्हापूर
९ मार्च

शाल्मली,

आक्का वाचली. हे आधी लिहितो.

वरचं अर्धं पत्र फाडून टाकणार होतो. तसंच पाठवतोय. मी तिथवर काय समजत होतो ते तुला कळू दे. अर्धी हकिकत ऋग्वेदनं सांगितली असेल, अर्धी तुझ्याच तोंडची आहे. तरी माझ्या बाजूनं ऐक.

त्यानं फोन माझ्या हातात दिला. मला वाटलं, हा कुणा साहेबाकडं माझी तक्रार करतोय. मी तयारीतच होतो. आणि तुझा आवाज आला.

“परशा, भांडण नंतर. आक्का कुठाय?”

वर्षानंतर तुझा आवाज, आणि मी काय म्हटलं? “घरी. तिला तंबाखू लागलीया.”

“बाकी सगळ्यांची पट्टी दंडाच्या रक्तावर गप्प आहे. एकट्या आक्काचं राहिलंय.”

“मग तंबाखूच आसणार की! तुझी पट्टी खोटं...”

“पट्टी सोड रे. हंगाम कधी सुरू झाला?”

“संक्रांत झाल्यावर.”

“नव्या माणसाला लागते, नाहीतर हंगामाच्या सुरुवातीला. मग अंग सरावतं. हे तूच सांगायचास ना कँटीनमध्ये? मग आक्काला आज कशी लागली?”

उत्तर नसलं की मी ओरडतो, तुला ठाऊक आहे. या वेळी ओरडायलाही थांबलो नाही. फोन कुठं ठेवला आठवत नाही. ऋग्वेदच्या हातात दिला की टेबलावर टाकला, देव जाणे. पळत घरी गेलो.

आक्का फरशीवर आडवी. अंगाखाली साडी घामानं भिजलेली, आणि हात गार. भाऊजी उशाशी गूळपाण्याचा तांब्या घेऊन बसलेले. रवळूभाऊजी गरीब माणूस, त्यांचा काही दोष नाही. निपाणीत कुणीही तेच केलं असतं. म्हणाले, “झोपू दे रं तिला. आत्ताच डोळा लागलाय.”

मी विचारलं, “आक्का, कुठं दुखतंय?”

“दाढ,” ती म्हणाली. “कालपासनं दुखतीया. लवंग धरली हुती.” आणि उजव्या हातानं डावा जबडा दाखवला. नुसती दाढ दुखणारं माणूस दाढेवर बोट ठेवतं. तिनं सगळा जबडाच धरला होता, आणि मग हात खाली दंडापर्यंत आणला.

मी तिला उचलायला लागलो तर भाऊजी आडवे आले. “खुळ्यागत काय करायलास? लोक काय म्हणतील, तंबाखू लागली म्हणून बायकूला दवाखान्यात घातली?” तेव्हा मी त्यांना जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण शाल्मली, तुला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा माझ्या रागाचा कुणाला काही उपयोग झाला. भाऊजी बाजूला झाले.

दारात गाडी. ऋग्वेद. कॅम्पची गाडी घेऊन तो माझ्या मागोमाग आला होता. तू पाठवलंस ना? विचारलं तर म्हणतो, “ॲक्च्युअली, मीच निघालो होतो, तिनं फोनवर फक्त ‘लवकर’ म्हटलं.” तो चांगला माणूस आहे. लिहिलं बघ, पेन मोडलं नाही.

निपाणीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला. कागद बघता बघता गोळ्या चघळायला दिल्या आणि म्हणाले, “कोल्हापूर. आत्ता.” हायवेवर आक्काचं डोकं माझ्या मांडीवर. ती मध्येच डोळे उघडून म्हणाली, “चाळणी उन्हातच ऱ्हायली रं माझी.” मी म्हटलं, “मरू दे चाळणी!” तर म्हणते, “मरू दे काय, नवी हाय ती.” पुढच्या सीटवर ऋग्वेद रडत होता की हसत होता, आरशात नीट दिसलं नाही.

काळजाची बंद पडलेली शीर उघडली, आत जाळी बसवली. इथले डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत झोपू दिलं असतं तर उठली नसती. भाऊजींनी ते ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. उठून पहिलं काय केलं? मला जवळ ओढलं. आमच्यात तसली रीत नाही. दोघांनाही अवघड झालं.

आज आक्का बसून पेज प्यायली. पहिला प्रश्न, “शालूला सांगितलास?” म्हणून लिहितोय. तुझ्या पट्टीला मी खोटारडी म्हटलं. ती खरी निघाली. तिच्यातल्या त्या सोन्याच्या कणांनी माझी आक्का परत दिली. तू लाल पाणी ढवळत होतीस तेव्हा मला वाटायचं, या पोरीला सोन्याचं पाणी करून काय मिळतंय? आता कळलं. इथं दवाखान्यात बसून मी त्या चंचुपात्राला मनातल्या मनात नमस्कार केलाय.

तुझे आभार कसे मानतात ते मला येत नाही. मानले असं समज.

परशराम


निपाणी
२४ मार्च

शाल्मली,

तुझं उत्तर मिळालं. आक्काला पथ्याची मोठी यादी, आणि मला चार ओळी.

त्या चार ओळींनी दोन दिवस माझी झोप घेतली. “पट्टीनं वाचवलं असं लिहू नकोस. ते खरं नाही. आक्काच्या थेंबात तंबाखूही होती. त्या आकड्यात तंबाखू किती आणि काळीज किती, हे आम्हाला वेगळं काढता येत नाही. म्हणून त्या दिवशीचे बोटाचे सगळे आकडे निकालातून वगळलेत, आक्काचाही.”

खरं सांगू? वाचून पेटलो. एवढी आक्का मरणाच्या दारातनं आली आणि तुम्ही तिला खोडून टाकलंत? तिथल्या तिथं उत्तर लिहिलं. वाईट लिहिलं. मग पाकिटावर तुझं नाव घालताना हात थांबला. ब्लॉक करण्याआधी तू ‘भांडतोस’ म्हणाली होतीस, तेच आता कागदावरही करून दाखवतोय असं वाटलं. फाडून टाकलं.

मग ऋग्वेदचा फोन आला. आक्काची चौकशी करायला करतो अधूनमधून. मी त्याच्यावर काढलं. तो शांतपणे म्हणाला, “ॲक्च्युअली, आम्हा सगळ्यांना तो आकडा हवा होता. कॅम्पमध्ये सापडलेली खरी केस! कुठल्याही परिषदेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. एकटी शाल्मली नको म्हणाली. तिचं म्हणणं, ही एक गोष्ट सांगितली तर उद्या पट्टी गप्प राहिली म्हणून कुणी तरी तिच्यावर विसंबून झोपू देईल आजारी माणसाला.”

फोन ठेवला आणि काट्यावर जाऊन बसलो. बोद आले, हमाल ओरडले, “वो काटेवालं, झोपलासा काय?”

मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसली. ऋग्वेदच्या हातात पट्टी होती. नर्सबाईंच्या हातात होती. आकडा माझ्याही डोळ्यांनी मी बघितला होता. आणि आम्ही सगळे मिळून म्हणत होतो, तंबाखू. बेंगळुरात बसून, ना पट्टी ना थेंब, तू एकटीनं विचारलंस, आजच कशी लागली? आपल्याच पट्टीला खोटं म्हणायला तू तयार होतीस, पण आक्काला खोटं म्हणायला तयार नव्हतीस. मागल्या पत्रात मी आभार चुकीच्या पत्त्यावर मानले. चंचुपात्राला केलेला नमस्कार राहू दे तिथंच. हा तुला.

आणि तुझ्यावर मी का जीव टाकतो, हे मला आजवर धड सांगता आलं नव्हतं. आता येतंय. म्हणून सांगत नाही.

शेवटच्या ओळीत लिहिलंस, नंबर सुरू केलाय, पण आक्काच्या तब्येतीपुरताच. वाचलं. तरी फोन केला नाही. आक्काची तब्येत बरी आहे.

परशराम


निपाणी
२० एप्रिल

शाल्मली,

परवा तुझी माणसं पुन्हा येऊन गेली. कानाच्या पाळीतनं थेंब घ्यायची ही युक्ती तुझीच असं ऋग्वेद म्हणाला. बोटात तंबाखू मुरते, कानात नाही. कानातली फुलं काढून, साबणानं कान धुवून बायका रांगेत. अंबुबाईचा कान ओघळलेला, दोन्ही पाळ्या चिरलेल्या. नर्सबाईंना म्हणते, “टोचा की! आईनं टोचला, सोनारानं टोचला, आता सरकारला टोचू द्या.” दिपालीचं लग्न झालं, नवऱ्याला घेऊन आली होती. म्हणाली, “ह्येंचा बी बघा, घरात लई गुमान असत्यात.” बिचारा कान लाल करून बसला होता टोचायच्या आधीच.

पट्टी गप्प राहिली. सगळ्यांची. ऋग्वेदनं मला टाळी दिली. मी दिली परत.

बायकांना समजावायला पुढच्या गावांतही ये, असं म्हणाला. जाणार आहे. सौंदलगा, मग संकेश्वरकडं. मागच्या पत्रात तू कॉलेजचं विचारलंस, ते या पत्रात नको. लिहायला घेतलं की गाइडांचा चेहरा समोर येतो आणि अक्षर बिघडतं. पण विचारलंस ते बरं वाटलं. आणखी एकदा विचार.

आक्का वखारीत जात नाही. डॉक्टरांनी घरीच राहायला सांगितलंय. घरी राहणं म्हणजे काय ते तिला डॉक्टरांनी नीट सांगायला हवं होतं. शेजारणींची तिखटं कुटून देते म्हणाली, मी मुसळ लपवलं. कॅम्पात मात्र आली, नटून. भाऊजी छत्री धरून मागं. तिचा कान टोचून झाला, आकडा बघून झाला, गोळ्यांच्या वेळा ऋग्वेदनं पुन्हा सांगितल्या. मग तिनं विचारलं, “पयल्या येळचा माझा आकडा कुठं गेला? लई मोठा आलता म्हणं.”

हे मी तिच्यापासून लपवलं होतं. तिला वाईट वाटेल, शालूनं मला काढून टाकलं म्हणेल, असं वाटलं होतं. ऋग्वेद माझ्याकडं बघायला लागला. मीच सांगितलं. म्हटलं, त्यात तंबाखू किती आणि तुझं काळीज किती, निवडता येईना. म्हणून शालूनं तुला निकालातनं काढलं.

आक्कानं फुलं कानात घातली, पदर सारखा केला.

“बरं झालं काढलं,” म्हणाली. “तितं बसून काय करू? हितं काय कमी कामं पडल्यात?” आणि भाऊजींच्या हातातली छत्री घेऊन चालायला लागली. आम्ही तिघं तिच्या मागं पळालो.

तुझा,
परशराम